मधवाल्याची पिकअप

सिग्नल हिरवा झाला आणि तिच्या पुढची पिकअप जागच्या जागी मेली.

आधी खोकली, मग अंगभर थरथरली, आणि एक लांबट सुस्कारा टाकून गप्प झाली. मागे स्कूटरवर भुरभुर पावसात भिजत उभ्या असलेल्या तिला हे डोळ्यांआधी कानांनी कळलं. गाडी कुणाचीही असो, रस्त्यात बंद पडली की तिला राहवायचं नाही. ती मामाच्या गॅरेजात गाड्या दुरुस्त करायची, आणि जगातली प्रत्येक बंद गाडी तिला आपलीच चूक वाटायची.

मागून हॉर्न सुरू झाले. एक, दोन, मग सगळेच. पिकअपचा स्टार्टर नुसता घरघरत होता. हवेत कच्च्या पेट्रोलचा वास पसरला आणि त्याच्या जोडीला आणखी एक... गोडसर, मेणासारखा.

तिने स्कूटर कडेला लावली आणि धावत जाऊन ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केलं.

काच चार बोटं खाली आली. आत एक तरुण होता. एक डोळा सुजून अर्धा मिटलेला, दुसऱ्या डोळ्यात अख्ख्या चौकाची माफी.

"चोक ओढलाय?" तिने विचारलं.

"पूर्ण."

"कशाला? आत ढकला तो! इंजिन गरम आहे. पेट्रोल जास्त होऊन गुदमरलीय ती. आता रेस शेवटपर्यंत दाबा, दाबूनच धरा, आणि स्टार्टर मारा."

"आणि चालू झाली तर?"

"तर रेस सोडू नका. सोडलीत की पुन्हा मरेल."

"बरं. तुम्ही जरा मागे सरता का?"

"मी? का?"

"आत एक माशी सुटलीय. तिचा राग माझ्यावर आहे... पण तिचा काही नेम नाही."

तिने हौद्याकडे पाहिलं. सहा लाकडी पेट्या, वर जाळी, आणि जाळीखालून येणारी बारीक, अखंड गुणगुण. मधमाश्या! ती दोन पावलं नाही, चांगली पाच पावलं मागे सरली. त्याने रेस दाबली, स्टार्टर मारला... आणि काळ्या धुराचा लोट सोडत पिकअप जागी झाली.

"आता?" तो आवाज चढवून म्हणाला.

"माझ्या मागे या! तीन चौक पुढे गॅरेज आहे. मध्ये सिग्नल लागला तर डावा पाय क्लचवर, उजवा रेसवर—"

"आणि ब्रेक?"

तिने पुढचा रस्ता पाहिला. "...सिग्नल लागणार नाही असं बघू."

तो हसला. सुजलेल्या डोळ्यासकट हसला. इतक्या हॉर्नांच्या गदारोळात एखादा माणूस असा सावकाश हसू शकतो, याचंच तिला नवल वाटलं.

*

"या वयाच्या गाडीला दुरुस्ती नाही, सेवा लागते," मामा म्हणाला. त्याने पिकअपभोवती एक फेरी मारली, पेट्या दिसल्यावर फेरी जरा मोठी केली, आणि भाचीकडे बघून म्हणाला, "घे तपासनीसबाई. तुझा पेशंट."

तपासनीस हे तिचं गॅरेजातलं नाव. त्यामागे एक गोष्ट होती. वर्षभरापूर्वी एका गाडीच्या पेट्रोलच्या पाइपाची क्लिप तिच्या हातून सैल राहिली होती. भर रस्त्यात बोनेटमधून धूर आला. आत एक आई आणि दोन लेकरं होती. कुणाला काही झालं नाही, पण त्या बाईचा फोनवरचा आवाज तिच्या कानातून गेला नाही तो नाहीच. तेव्हापासून ती प्रत्येक बोल्ट तीनदा तपासायची. घरी गेल्यावर चौथ्यांदा मनातल्या मनात. आई म्हणायची, "मन चिंती ते वैरी न चिंती, बाई." पण मनाला सांगणार कोण?

तिने बोनेट उघडलं. इंजिनाचा आवाज झोके घेत होता. वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. स्लोवर ठेवलं की मरणपंथाला. तिने सफाईचा स्प्रे घेतला आणि कार्बोरेटरच्या बुडाशी थोडा थोडा मारत गेली. एका जुन्या रबरी नळीपाशी फवारा पडताच आवाज एकदम बदलला.

"सापडली!" ती म्हणाली. "ही नळी चिरलीय. इथून हवा चोरते. जेवढं पेट्रोल, तेवढी हवा... हिशेब बिघडला की ही कशी श्वास घेणार?"

तो हातभर अंतरावर उभा राहून ऐकत होता. हालचाली सगळ्या संथ. पाना मागितला तर पानाही असा द्यायचा, जणू फूल देतोय. माश्यांमध्ये काम करायचं तर झटका चालत नाही, असं त्याने नंतर सांगितलं.

"सकाळी उठताना पण त्रास देते," तो म्हणाला. "मागच्या हंगामात पेट्या घेऊन निघालो. वाटेत चहाला थांबलो. पाच मिनिटं. नंतर चालूच होईना. वर ऊन... माश्या बंद पेटीत तापल्या की तडफडतात. गाडी चालत असली की वारा लागतो, थांबली की भट्टी. नऊ पेट्या गेल्या."

तो हे अगदी शांतपणे बोलला. पण बोलताना त्याची बोटं पेटीच्या कडेवरून फिरत होती, आणि तिला ती बोटं बघवेनात.

बॅटरीच्या टोकांवर हिरवं बुरशीसारखं काही चढलं होतं, बॉडीला जाणारी तार गंजून अर्ध्यावर आली होती. स्टार्टरला जोर मिळणार कुठून? तिने टोकं घासली, तार बदलली, नळी बदलली, कार्बोरेटरचं बारीक जेट फुंकून साफ केलं आणि स्क्रू पाव-पाव फिरवत आवाज सुरात आणला. मग तीनदा तपासलं.

"झाली?" त्याने विचारलं.

"झाली... वाटतं."

"वाटतं?"

"मी 'झाली' असं म्हणत नाही. 'वाटतं' म्हणते."

"चालेल," तो गंभीरपणे म्हणाला. "मीही मध शुद्ध आहे असं म्हणत नाही. चाखून बघा म्हणतो." आणि सीटखालून एक बरणी काढून त्याने तिच्यापुढे धरली. तिने हात पुसला, बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं... आणि उगाचच लाजली. गालाला ग्रीस लागलंय हे तिला तो गेल्यावर आरशात दिसलं. सांगितलं का नाही मेल्याने?

*

चार दिवसांनी मधवाला परत आला. दोरीने ओढत आणलेल्या पिकअपमधून.

"स्लोला झकास चालते," तो म्हणाला. "सकाळी एका हाकेत उठते. पण अर्धा तास चालली की झोप येते तिला. धक्के देते आणि बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू... काही झालंच नाही असं तोंड करून."

 माझं काहीतरी राहिलं. राहिलंच. तिने आपण केलेलं सगळं पुन्हा उघडलं. नळी घट्ट, जेट साफ, तार पक्की. गॅरेजात दीड तास इंजिन चालू ठेवलं. बया हूं की चूं करेना! मामाने मध्येच टाकीचं झाकण काढून, आत काठी घालून पेट्रोल पाहिलं. अर्धी टाकी भरलेली.

"कॉइल तापून दम टाकत असेल," मामा म्हणाला. कॉइल बदलली. तीन दिवसांनी गडी पुन्हा हजर. पेट्रोलचा पंप बदलला. तो पुन्हा आला.

"बिघाड गाडीत आहे की गाडीवाल्यात?" मामा तिच्या कानाशी पुटपुटला.

"मामा!"

"नाही, मी आपलं विचारलं. दर खेपेला शर्ट इस्त्रीचा असतो, म्हणून."

ती रागावली, पण नजर गेलीच. शर्ट खरंच इस्त्रीचा होता. आणि डोळ्याची सूज उतरली होती. दोन्ही डोळे एकसारखे, मधाच्याच रंगाचे... तिने घाईने पान्यांची पेटी आवरायला घेतली. आवरलेलीच होती, तरी.

कारण भीती आता दुहेरी झाली होती. बिघाड सापडला नाही तर त्याच्या माश्या मरणार. आणि बिघाड सापडला... तर तो परत कशाला येणार? रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती दोन्ही भीत्या उलटसुलट करून बघायची आणि स्वतःचीच लाज वाटून कूस बदलायची.

"सूर्यफुलांचा फुलोरा चार दिवसांवर आलाय," तो त्या दिवशी म्हणाला. "दोन तासांच्या वाटेवर मोठं शेत आहे. शेतवाल्या काकांनी माझ्या चाळीस पेट्यांसाठी जागा राखलीय. या हंगामाचा मध तिथूनच. नाही पोचलो तर माश्यांना खायला इथे काही उरलं नाही."

"दुसऱ्या गाडीने न्या ना!"

"मधमाश्या म्हटलं की गाडीवाले फोनच ठेवून देतात."

तिने ओठ चावला. "मग मी तुमच्याबरोबर येते. आज. गाडी बंद पडेपर्यंत फिरू. ताप अंगात असतानाच वैद्याने नाडी बघायला हवी."

मामाने वर बघितलं, खाली बघितलं, आणि एक स्पार्क प्लग फार मन लावून पुसायला घेतला.

*

दोघं गावाबाहेरच्या रस्त्याला लागले. वायपर एकच चालत होता, तोही तिच्या बाजूचा नाही. काचेवरच्या थेंबांतून झाडं वितळल्यासारखी दिसत होती. मांडीवर पान्यांची पेटी, डोळे घड्याळावर.

"वीस मिनिटं," ती म्हणाली.

"तुम्ही नेहमी इतकं घाबरता?"

"मी घाबरत नाही. काळजी घेते."

"मी माश्यांत जाताना घाबरतो," तो म्हणाला. "रोज. पहिलं झाकण उघडताना क्षणभर अडतो. मग एक श्वास सोडतो आणि उघडतो."

"खरंच? तुमच्याकडे बघून वाटत नाही."

"मग काय वाटतं माझ्याकडे बघून?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. "...पंचवीस मिनिटं झाली."

वाटेत पेट्रोल पंप दिसला. पेट्रोल कमी पडून गाडी थांबली तर खरा बिघाड कळायचा नाही, म्हणून तिनेच टाकी भरायला लावली. परतीची पंचवीस मिनिटंही तशीच गेली. ती प्रत्येक धक्क्याला दचकत होती. तो प्रत्येक वेळी "तो खड्डा होता" असं सांगत होता. एका वळणावर पेटी तिच्या मांडीवरून घसरली, दोघांनी एकदम पकडली, आणि हातावर हात तसाच राहिला. वळण संपून बराच वेळ झाला तरी.

गाडी बंद पडली नाही. मेली, नेमकी आजच पडली नाही!

गॅरेजपाशी उतरताना तिचा चेहरा रडवेला झाला होता. "मला सापडला नाही बिघाड. चार दिवसांनी तुम्ही निघणार आणि मी 'वाटतं' सुद्धा म्हणू शकत नाही."

"मी तरी निघणारच," तो म्हणाला. "दुसरा रस्ता नाही."

"मग मी पण येणार."

"नको. ओझं आहे, ऊन असेल. काही झालं तर तुम्ही पुन्हा वर्षभर झोपणार नाही. मामांनी सांगितलंय मला... ती क्लिपची गोष्ट."

"मामाला काय कळतंय!" ती उसळली. "आणि न आले तर झोपेन असं वाटतं तुम्हाला?"

 ती पेटी उचलून तरातरा आत निघून गेली.

*

चौथ्या दिवशी फटफटायच्या आत ती त्याच्या दाराशी उभी होती. स्कूटर, पान्यांची पेटी, आईने बांधून दिलेला डबा. पेट्या आदल्या संध्याकाळीच भरून झाल्या होत्या. चाळीस पेट्या, दारं जाळीने बंद. हौद्यातून येणारी गुणगुण तळपायांना जाणवत होती.  त्याने पलीकडचं दार उघडून धरलं.

पहिल्या हाकेला इंजिन लागलं. दहा मिनिटं. वीस. पूर्वेला उजाडलं. तीस.  आभाळ आज पहिल्यांदाच स्वच्छ होतं, म्हणजे ऊन पडणार होतं. चाळीस मिनिटं... पंचेचाळीस...

चढावर पहिला धक्का बसला.

"खड्डा?" तिने विचारलं. आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"नाही," तो म्हणाला.

दुसरा धक्का, तिसरा, आणि पिकअप गप्प झाली. त्याने ती कशीबशी कडेला घेतली. एकही झाड नव्हतं. सूर्य समोरच्या टेकडीवर नुकता आला होता, आणि हौद्यातली गुणगुण चढत चालली होती. आधी घरातल्यासारखी, मग बाजारातल्यासारखी.

"वीस मिनिटं थांबलो तर चालू होईल," तो म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. "पण अर्ध्या तासाने पुन्हा पडेल. आणि मग पुन्हा. तोवर ऊन..." बोलता बोलता तो मागे धावला आणि पाण्याचा कॅन काढून पेट्यांवरच्या गोणपाटावर पाणी शिंपडू लागला.

 तिने हात पँटला घट्ट पुसले. एक श्वास सोडला, आणि बोनेट उघडलं.

प्लग काढला, बॉडीला टेकवला. "स्टार्टर मारा!" निळी ठिणगी पडली. म्हणजे विजेचा दोष नाही. कार्बोरेटरच्या तोंडात डोकावून रेसची तार ओढली. पेट्रोलची चूळ यायला हवी होती. काहीच नाही, कोरडं! पंपाचा पाइप सोडवला. "पुन्हा मारा!" पाइपातून दोन थेंब आले आणि संपले. पंप तर नवा. मग पेट्रोल पंपापर्यंतच येत नाही? पाइप तुंबला? मागून हवा फुंकून बघू...

ती धावत टाकीपाशी गेली आणि झाकण फिरवलं.

फुस्स्स!

केवढ्या जोरात हवा आत ओढली गेली! ती झाकण हातात धरून पुतळ्यासारखी उभी राहिली. मग झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. नवंकोरं, चकचकीत, घट्ट. त्याला कुठे छिद्र नव्हतं. पेट्रोल उपसलं जाईल तशी टाकीत हवा शिरायला जुन्या गाडीच्या झाकणाला बारीक छिद्र असतं. ते नसेल तर टाकी आतून आवळत जाते, आणि पंपाने कितीही ओढलं तरी थेंब सुटत नाही. वीस मिनिटं थांबलं की कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी चालते. आणि त्या दिवशी फिरताना? आपणच मध्ये टाकी भरायला लावली, झाकण उघडायला लावलं! मामानेही गॅरेजात दर खेपेला तेच केलं होतं.

"हे झाकण कधी बसवलंस?" ती ओरडली.

तो कॅन घेऊन जागीच थबकला. "ते... झाले की दोन आठवडे."

"दोन आठवडे! आणि तू मला सांगितलं नाहीस? मी कॉइल बदलते, पंप बदलते, रात्र रात्र जागते, आणि तू... जुनं कुठे गेलं?"

"हरवलं. पेट्रोल भरताना टपावर ठेवलं आणि तसाच निघालो. दुसऱ्या गाडीचं होतं ते लावलं, नीट बसलं, म्हणून..."

"असं कसं विसरलास? लक्ष कुठे होतं?"

त्याचे कान लाल झाले. 

"तुमच्या गॅरेजातून पहिल्यांदा निघालो ना," तो शेवटी म्हणाला, "त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तुमच्या गालाला ग्रीस लागलं होतं. सांगावं की नको, सांगितलं असतं तर तुम्ही पुसलं असतं... ते छान दिसत होतं. त्याचाच विचार करत पेट्रोल भरलं. झाकण राहिलंच टपावर."

 एवढा वेळ ती उन्हात उभी होती, पण गाल आत्ता तापले.

"आणि..." तो हळूच म्हणाला, "मघापासून तुम्ही मला 'तू' म्हणताय."

"म्हणते! तू म्हणून म्हणते!" ती पाठ फिरवून पाइप जोडू लागली. "पाणी मार पेट्यांवर. उभा काय राहिलायस?"

झाकण तिने पुन्हा लावलं नाही. त्याच्या जागी एक स्वच्छ फडकं सैलसर बांधलं, हवा जाईल पण पेट्रोल उसळणार नाही असं. पाइपाची क्लिप आवळली. एकदा तपासली. दुसऱ्यांदा हात गेला... आणि तिने तो मागे घेतला. वेळ नव्हता. आणि क्लिप घट्ट होती, हे तिला माहीत होतं.

"मार स्टार्टर!"

पाचव्या फेरीला इंजिन बोललं.

*

पुढचा सव्वा तास कसा गेला हे दोघांनाही सांगता आलं नसतं. गाडी थांबली नाही. मात्र ऊन चढतच होतं, आणि ती दर दोन मिनिटांनी मागच्या काचेला कान लावत होती.

शेत आलं तेव्हा आधी रंग दिसला. नजर पोचेल तिथवर पिवळाच पिवळा. दोघांनी मिळून पेट्या उतरवल्या. तिला घालायला त्याने आपली जाळीची टोपी दिली. गळ्याशी दोरी बांधताना त्याचे हात नेहमीसारखे संथ नव्हते. एकेका पेटीचं दार तो उघडत गेला, आणि माश्या आधी उंबऱ्यावर घुटमळून, मग एकदम भरारी घेऊन फुलांत शिरत गेल्या.

अडतिसावी पेटी. एकोणचाळिसावी. चाळिसावीचं दार उघडलं, तर कुणीच बाहेर येईना.

त्याने पेटीवर बोटाने टिचकी मारली, कान लावला.  मग नकाराची मान हलवली.

ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. "माझ्यामुळे," ती म्हणाली. "आठ दिवसांपूर्वी झाकण बघितलं असतं तर..."

"झाकण मी हरवलं."

"पण मी तपासायला हवं होतं."

"ऐक," तो म्हणाला. आता तोही 'तू'वर आला होता, आणि त्याने ते पहिल्यांदा म्हटलं म्हणून असेल, दबकत म्हटलं. "एक पेटी गेली. वाईट वाटतंय. वाटू दे. पण एकोणचाळीस पोचल्या, त्या तुझ्यामुळे. हे पण मोज ना कधी."

तिला रडू आलं. जाळीच्या टोपीत डोळे पुसता येत नाहीत, हेही कळलं. त्याने टोपी वर केली, खिशातला रुमाल काढला आणि तिचे डोळे पुसले. सावकाश... अगदी सावकाश.

"मला इथे महिनाभर राहावं लागेल," तो म्हणाला. "माश्यांजवळ. तंबू टाकून. गाडीही इथेच."

"माहितीये."

"तुझी बस चारला आहे."

"तेही माहितीये."

 तो तोंड उघडायचा आणि माश्यांकडे बघायचा. ती बोलायला जायची आणि सूर्यफुलांकडे बघायची. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मामा.

"पोचलात?" मामाचा आवाज इतका मोठा की शेतभर ऐकू जावा. "बंद पडली का?"

"पडली. सापडलं, मामा. टाकीचं झाकण होतं. बिनछिद्राचं."

 मामा हसत सुटला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी स्वतः तीन वेळा उघडलं की गं ते! बरं, संध्याकाळी येतेस ना? इथे दोन गाड्या येऊन पडल्यात."

"येते. पण रविवारी मला सुट्टी हवी. पुढच्या रविवारीही. महिनाभर, दर रविवारी."

"का गं? झाकणच होतं ना? दुरुस्त झाली ना गाडी?"

"झाली."

"मग?"

ती उठून बाजूला जाऊ शकली असती. आवाज खाली आणू शकली असती. मधवाला शेजारीच बसला होता, रुमाल अजून हातात, श्वास रोखून. तरीही ती तिथेच बसून बोलली.

"मला आवडतो, मामा."

"कोण? पिकअप?"

"पिकअपवाला."

 मग मामाने घसा खाकरला, आणि त्याचा मोठा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "बरं," तो म्हणाला. "त्याला विचारलंस का?"

तिने शेजारी पाहिलं. तो होकाराची मान इतक्या जोरात हलवत होता, की माश्यांच्या गावात राहणारा माणूस आहे असं कुणी म्हटलं नसतं.

"विचारते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.